दुधाचं काम, अंड्याचं काम

माझं माहेर तासगावचं. घरची द्राक्षबाग, बागेच्या कडेला बेदाण्याचं शेड आणि गोठ्यात दोन म्हशी. फेब्रुवारी लागला की घरात दोनच विषय असायचे : बेदाण्याला रंग कसा आलाय आणि सौद्याला दर काय निघाला. दूध-तुपावर कुणी बोलायचं नाही, कारण ते असायचंच. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी लेकीने पुण्याहून फोन करून सांगितलं, "आई, मी आता दूध, दही, तूप काही घेणार नाही. मी व्हीगन झालेय," तेव्हा ते मला खाण्यापिण्याबद्दलचं बोलणं वाटलंच नाही. आपल्या गोठ्यावरच तिने बोट ठेवलं, असं वाटलं.

पुढचे दोन महिने आम्ही दोघी तो विषय टाळत राहिलो. मग तिचा वाढदिवस आला. दर वाढदिवसाला मी तिला फ्रूट केक करायची, चार अंड्यांचा, भरपूर लोण्याचा, घरच्या बेदाण्यांचा. या वेळी ती आपणहून म्हणाली, "केक राहू दे आई. तू नुसतं भरली वांगी आणि भाकरी कर." तिने मला सांभाळून घेतलं होतं, आणि तेच मला लागलं. लेकीच्या वाढदिवसाला माझ्या हातचा केक नाही, हे मला पटेना.

त्या दिवसापासून आजवर चाळीस-पन्नास लोफ तरी झाले असतील. काही मधेच खचले, काही दगड झाले, एका केकने मला आठवडाभर झोप लागू दिली नाही. आता मात्र केक जमतो. या सगळ्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे.

१. काढण्याआधी विचारा, ते करत काय होतं?

पहिल्या वेळी मी जुन्याच कृतीतून अंडी आणि लोणी वगळलं, दुधाच्या जागी पाणी घातलं आणि भट्टीत ठेवलं. बाहेर आलं ते चिवट, पांढुरकं, बसकं काहीतरी. सुरीला चिकटत होतं आणि तरीही कोरडं लागत होतं.

मग मी वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिचं काम. अंडं मिश्रण बांधून ठेवतं, फेटलं की हवा धरतं, ओलावा देतं आणि उष्णतेने घट्ट होऊन केकला उभं ठेवतं. लोणी पिठाच्या कणांना वेढतं, म्हणून केक खुसखुशीत आणि मऊ होतो. साखरेबरोबर फेसलं की तेही हवा धरतं. दूध ओलावा देतं, वरचा रंग खुलवतं.

घरातली एक बाई आठ दिवस गावाला गेली की आपण तिची कामं वाटून घेतो. पाणी कोण भरणार, डबे कोण करणार, झाडांना पाणी कोण घालणार. ती नाही म्हणून कामं थांबत नाहीत. केकचंही अगदी तसंच आहे. माझ्या पहिल्या केकात तिघं जण निघून गेली होती आणि त्यांची कामं मी कुणालाच सांगितली नव्हती.

२. अंड्याची जागा एकट्याने भरून निघत नाही

"अंड्याऐवजी काय घालता?" असं मला सगळे विचारतात. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण अंडं एकटंच चार कामं करतं.

बांधायचं काम मी जवसाला दिलं. एक मोठा चमचा जवसाची ताजी पूड आणि तीन मोठे चमचे पाणी असं एका अंड्याच्या जागी धरायचं. दहा-पंधरा मिनिटांत ते बुळबुळीत होतं, चमचा उचलला की तार धरतं. तशी तार आली तरच ते कामाचं. जवस आपल्याकडे चटणीला असतंच, पण चटणीसाठी भाजलेलं इथे घेऊ नका, कच्चंच घ्या आणि लागेल तेवढंच दळा. दळून ठेवलेली पूड लवकर खवट होते आणि तो वास केकात लपत नाही.

पिकलं केळंही वापरून पाहिलं. जळगावच्या केळ्याचा केक मऊ झाला, सुंदर झाला, पण तो केळ्याचा केक झाला. बेदाणे आणि अंजीर त्यात हरवून गेले. छोले शिजवलेलं पाणीही फेटून पाहिलं. ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं, हे जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने 2014 मध्ये दाखवून दिलं. नुसत्या हलक्या केकला ते छान आहे. पण पाव किलो सुका मेवा पोटात घेणाऱ्या लोफमध्ये तो फेस वजनाखाली दबून जातो.

म्हणून माझी वाटणी ठरून गेली : बांधायला जवस, फुलवायला सोडा आणि आंबट, मऊपणाला तेल आणि ओलाव्याला भिजवलेली फळं.

३. सोड्याला आंबटाची सोबत हवी

अंडी नाहीत म्हणजे केक फुगणार नाही, या भीतीने मी एकदा सोडा दीड चमचा घातला. केक फुगला, पण घास घेतला तर तोंडात साबण आल्यासारखं झालं. वरून काळपट, आतून कडवट.

सोड्याला आंबट भेटलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे केक वर उचलतात. आंबट कमी पडलं तर उरलेला सोडा केकातच राहतो आणि ती साबणाची चव त्याचीच असते. आपल्या घरात ढोकळ्याला हेच चालतं. म्हणजे नवीन काही शिकायचं नव्हतं, जे येत होतं ते इथे आणायचं होतं. पाव किलोच्या आतबाहेर पीठ असेल तर अर्धा छोटा चमचा सोडा पुरे, आणि त्याच्या जोडीला संत्र्याचा रस, लिंबू किंवा थोडं व्हिनेगर. गूळही किंचित आंबट असतो, त्याचीही मदत होते.

दोन गोष्टी कायम लक्षात ठेवते. ओलं आणि कोरडं एकत्र झालं की वेळ सुरू झाली. मग फोन घ्यायचा नाही, दार उघडायला जायचं नाही, थेट भट्टी. आणि बेकिंग पावडरचा डबा जुना असेल तर आधी तपासायचा. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकली की ती खळखळून फसफसली पाहिजे. नाही फसफसली तर नवा डबा आणा.

४. बेदाण्याला आधी पोटभर पाणी पाजा

इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण बेदाणा माझ्या घरचा आहे.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे द्राक्ष सहजासहजी वाळत नाही. म्हणून शेडवर घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात आणि मग जाळीच्या रॅकवर पसरतात. उन्हात नाही, सावलीत, वाऱ्यावर. दोनेक आठवड्यांत हिरवं द्राक्ष आकसून बेदाणा होतं. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हाती येतो. रंग टिकावा म्हणून पुढे गंधकाची धुरी देतात. लहानपणी मी रॅकखाली बसून पडलेले अर्धवट वाळलेले मणी वेचून खायची. बाहेरून सुरकुतलेले, आत अजून रस. ती चव मला कुठल्याही मिठाईत परत मिळाली नाही.

म्हणजे बेदाणा हे पाणी काढून घेतलेलं फळ आहे. ते कोरडंच पिठात टाकलं तर ते आपलं गेलेलं पाणी केकातून वसूल करतं. फळ टपोरं होतं आणि भोवतालचा केक भुगा होतो. लोणी-अंड्याच्या केकात हे खपून जायचं. इथे ओलाव्याची सगळी भिस्त फळांवरच, त्यामुळे इथे ते खपत नाही.

बेदाणे आधी कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवायचे. मग संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवायचे. नागपुरी संत्र्यांचा हंगाम असेल तर घरी रस काढते. नसेल तेव्हा साखर-दूध न घातलेला कडक काळा चहा घेते. वेल्स भागात 'बारा ब्रिथ' नावाचा फळांचा पाव करतात. त्या नावाचा अर्थ ठिपक्यांचा पाव. त्यातली फळं अशीच चहात भिजवतात. सकाळी झाकण काढलं की भांड्यातला रस जवळजवळ संपलेला असतो आणि बेदाणे पुन्हा द्राक्षांसारखे ताणलेले दिसतात. एक उचलून बोटांत दाबायचा. साल तटतटून आतला रस जाणवला तर झालं. मग पंधरा-वीस मिनिटं चाळणीत निथळत ठेवायचे. खाली गळलेला रस फेकायचा नाही, तो केकात जातो.

बेदाण्याबरोबर मी काळे मनुके, पुरंदरच्या बाजूचे सुके अंजीर आणि खजूर घेते. मनुक्यांत बिया असतील तर आधी काढा, कारण भिजल्यावर त्या दाताखाली फारच खटकतात. अंजिराचे तुकडे बेदाण्याएवढेच करा. बाजारातली लाल चेरी मात्र मी आता घालत नाही. आपल्याकडे त्या नावाने मिळतं ते पुष्कळदा साखरेत मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं, आणि टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. दोन्हीत वाईट काही नाही, पण घरचा बेदाणा असताना मला त्या रंगाची गरज वाटत नाही.

५. फळं तळाला बसली तर दोष फळांचा नाही

सहाव्या-सातव्या वेळी केक फुलला, चवही जमली, पण कापला तर सगळी फळं तळाशी. वर साधा केक, खाली बेदाण्याचा थर. सगळे सांगतात, फळं कोरड्या पिठात घोळवून घाला. मी घोळवली, तरी बसली. पुढच्या वेळी पाणी दोन-तीन चमचे कमी केलं आणि फळं जागच्या जागी राहिली.

म्हणजे खरा आधार मिश्रणाच्या घट्टपणाचा असतो. पीठ लावल्याने ओलसर फळं एकमेकांना चिकटत नाहीत, एवढा फायदा होतो. माझी खूण अशी : चमच्याने मिश्रण उचलून सोडलं की ते धारेने वाहू नये, थबकत थबकत पडावं. भज्यांच्या पिठाहून किंचित घट्ट. एक बेदाणा वर ठेवून पाहावा. तो दहा-पंधरा सेकंद तसाच वर बसून राहिला तर मिश्रण बरोबर आहे.

६. गूळ घाला, पण तो आधी गाळून घ्या

साखरेचा केक होतो, पण दुधाशिवायच्या केकला जी खोली हवी असते ती गुळाने येते. दूध आणि लोण्याने जो रंग, जो भाजलेपणाचा वास यायचा तो गूळ परत आणतो. कोल्हापुरी गूळ किसून कोमट पाण्यात विरघळवायचा आणि बारीक गाळणीने गाळायचा. उसाचं चिपाड, खडा, काही ना काही निघतंच. पाक करायचा नाही, फक्त विरघळवायचा, आणि पूर्ण गार झाल्यावरच पुढे जायचं. गरम गुळाचं पाणी पिठात गेलं की सोडा भांड्यातच जागा होतो आणि भट्टीत जाईपर्यंत दमून जातो.

७. पीठ घातल्यावर हात आवरा

मला पुरणाची, पोळीची कणीक तिंबायची सवय. केकच्या पिठालाही मी तसंच मनापासून घोटायची. मैद्याला पाणी लागून तो घोटला गेला की त्यात तार धरते. पोळीला ती हवी असते, केकला नको असते. केक रबरासारखा होतो आणि कापल्यावर आत लांबुळकी बिळं दिसतात.

आता मी कोरडं सगळं दोनदा चाळून घेते, त्यात मधोमध आळं करून ओलं ओतते आणि लाकडी चमच्याने तळापासून वर उचलत मिसळते. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. बारीक गाठी राहिल्या तर राहू द्यायच्या, भाजताना त्या विरतात. शेवटी फळं घालून चार वळसे. कणीक थोडीच घालते. घरची चक्कीची कणीक पाणी जास्त पिते आणि सगळा केक तिचाच केला तर जड होतो. एक हिस्सा कणीक आणि तीन-साडेतीन हिस्से मैदा हे प्रमाण मला मानवलं.

८. पाकिटाची मागची बाजू वाचा

हा धडा मला सगळ्यात महाग पडला.

दुसऱ्या वर्षी मी तेलाऐवजी दुकानातलं वनस्पती तेलाचं स्प्रेड वापरलं. डब्यावर झाडपाल्याचं चित्र होतं, हिरवा ठिपका होता. मला वाटलं, वनस्पतीचं आहे म्हणजे झालं. केक अप्रतिम झाला. लेक आली, तिने दोन तुकडे खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि सहज म्हणाली, "आई, आज काय वेगळं घातलंस गं?" मी कौतुकाने डबा दाखवला. तिने तो उलटा केला, बारीक अक्षरं वाचली आणि हातातला तुकडा हळूच बशीत ठेवला. घटकांमध्ये दुधाची भुकटी होती.

ती मला एक शब्द बोलली नाही. "असू दे, तुला कुठे माहीत होतं," एवढंच म्हणाली. पण त्या रात्री मला झोप आली नाही. तिने माझ्यावर भरवसा ठेवून खाल्लं होतं. उपासाच्या दिवशी एखाद्याला न सांगता कांदा-लसूण खाऊ घालावा, तसं मला झालं. एखाद्याचं न खाणं आपल्याला पटो न पटो, आपण त्याला जेवायला वाढतो तेव्हा ते पाळायची जबाबदारी आपली असते.

तेव्हापासून मी प्रत्येक पाकीट उलटं करते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारात दूध बसतं. 'एगलेस' केकमध्येही बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क, दही किंवा लोणी असतं. व्हीगन पदार्थांसाठी आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे नियम 2022 मध्ये आले आणि त्यांची वेगळी खूणही ठरली. हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यातून फुटलेलं पान. ती खूण असेल तर उत्तम. नसेल तर घटक वाचायचे : दुधाची भुकटी, व्हे, केसीन, तूप, मध. चॉकलेट, बिस्किटं, मार्गारीन यांत हे हमखास डोकावतं. म्हणून माझ्या लोफमध्ये आता साधं सूर्यफुलाचं तेल असतं. त्याला वास नाही आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही.

९. भट्टी नसली तरी अडत नाही, पण घाई केली तर अडतं

फळांचा लोफ जाड असतो, त्यात गूळ असतो. आच मोठी असेल तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. ओटीजी दहा मिनिटं आधी तापवून 160 अंशांवर पंचावन्न मिनिटं ते एक तास हे माझं ठरलेलं गणित. चाळिसाव्या मिनिटाला काचेतून पाहायचं. वरचा रंग गडद होत असेल तर त्यावर फॉइल सैलसर टाकायची. त्याआधी दार उघडायचं नाही. मी एकदा विसाव्या मिनिटाला, फुलतोय का ते बघायला दार उघडलं आणि डोळ्यांसमोर केक मधोमध खचला. तोवर आतला सांगाडा घट्ट झालेला नसतो आणि अंड्याचा आधारही नसतो.

भट्टी नसेल तर कुकर आहेच. तळाला दोन वाट्या जाड मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड. झाकणाची रिंग आणि शिटी काढून ठेवायची, पाणी अजिबात घालायचं नाही. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग डबा ठेवायचा आणि मंद आचेवर तासभर द्यायचा. लोफचा लांबट साचा पाच लिटरच्या कुकरात मावत नाही, तिथे गोल डबा घ्या. केक तोच असतो.

शिजला का ते बघायला मी विणायची सुई वापरते. टूथपिक लोफच्या मध्यापर्यंत पोचत नाही. सुई बेदाण्यात रुतली तर ती ओलीच येणार, म्हणून दोन-तीन ठिकाणी घालून बघा.

१०. मधली चीर हा दोष नाही

वरची कड आधी घट्ट होते आणि आतला भाग नंतर फुलतो. त्याला वर यायला जागा हवी असते, म्हणून तो मधोमध साल फोडून वर येतो. मला आधी वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. आता तेलात बुडवलेल्या सुरीने मी भाजण्याआधीच वर एक उभी रेघ ओढते, म्हणजे चीर सरळ जाते आणि लोफ देखणा दिसतो.

११. त्या दिवशी कापू नका

गरम केक कापला की तो लगद्यासारखा लागतो. आतली वाफ अजून निघायची असते, पिठाची घडी बसायची असते. साच्यात पंधरा मिनिटं, मग जाळीवर पूर्ण गार, मग बटर पेपरात गुंडाळून डब्यात. दुसऱ्या दिवशी फळांचा ओलावा आणि गूळ-मसाल्याचा वास सगळीकडे सारखा मुरलेला असतो. मला तर तिसऱ्या दिवशीचा आवडतो. यात लोणी नाही, त्यामुळे फ्रिजमधून काढला तरी तो दगडासारखा होत नाही. आमच्याकडच्या हवेत बाहेर तीन-चार दिवस राहतो, मे महिन्यात मात्र फ्रिजमध्येच ठेवा.

१२. हे आपल्याकडे आधीपासून होतं

माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या. त्या धोंडस करायच्या. पिकलेली मोठी काकडी, म्हणजे तवसं, किसायचं, त्याच्या पाण्यात तांदळाचा भाजलेला रवा, गूळ, नारळाचं दूध, वेलची आणि काजू घालायचे. जाड बुडाचं पातेलं मंद चुलीवर, वर ताट आणि ताटात निखारे. खालून-वरून आच. दोन तासांनी झाकण काढलं की स्वयंपाकघरभर गुळाचा भाजका वास. त्याच्या वड्या पाडून आम्ही खायचो. अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. मी वीस वर्षं तो धोंडस खाल्ला आणि तो केक आहे हे मला कधी सुचलं नाही. लेकीने एकदा विचारलं, "आई, आजीचा धोंडस व्हीगनच होता ना?" तेव्हा मी हातातलं काम थांबवून बसूनच राहिले.

व्हीगन हा शब्द इंग्लंडमध्ये 1944 साली निघाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हेजिटेरियन या शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून तो केला. तेव्हा युद्ध चालू होतं, अंडी आणि लोणी रेशनवर होतं, आणि तिथल्या बायका त्यांच्याशिवाय केक करत होत्या. कुणी तत्त्वासाठी केलं, कुणी टंचाईत केलं, आणि सासूबाईंनी केलं कारण परसात तवसं होतं आणि दारात माड होता. शब्द नवा आहे, हात जुने आहेत. हे कळल्यावर लेकीचं नवं खाणं मला परकं वाटेनासं झालं.

१३. माप लिहून ठेवा

माझं आजचं माप असं. बेदाणे 120 ग्रॅम, बिया काढलेले काळे मनुके 50 ग्रॅम, अंजीर 50 ग्रॅम, खजूर 30 ग्रॅम. हे सगळं 150 मिलिलिटर संत्र्याच्या रसात रात्रभर. गूळ 120 ग्रॅम, 100 मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, गार केलेला. तेल 80 मिलिलिटर. जवसाची पूड एक मोठा चमचा आणि पाणी तीन मोठे चमचे. लिंबाचा रस एक छोटा चमचा. मैदा 170 ग्रॅम, कणीक 50 ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. दालचिनी, जायफळ, सुंठ मिळून एक छोटा चमचा, लवंगेची पूड अगदी चिमूटभर. नऊ इंची लोफचा साचा, आत बटर पेपर, दोन तृतीयांशापर्यंत भरलेला.

वजनकाटा वापरा. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते, आणि अंडं नसलेल्या केकला दोन चमचे पाणी जास्त झालेलंही सोसत नाही.

गेल्या डिसेंबरात मी एक लोफ तासगावला नेला. वहिनीने म्हशीचं दूध काढून आणलं, हात धुतले आणि एक तुकडा उचलला. "दूध नाही, अंडं नाही? मग हा मऊ कशाने झाला गं वन्सं?" मी तिला सांगत गेले : जवस काय करतं, तेल काय करतं, आपला बेदाणा रात्रभर काय करतो. दादा शेजारी बसून ऐकत होता. त्याने पुढच्या हंगामातला बेदाणा भाचीसाठी धुरी न देता वेगळा काढून ठेवला.

तो बेदाणा घेऊन लेक पुण्याला गेली. तिच्या खोलीत आता लहानसा ओटीजी आहे. परवा संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज घाबरलेला.

"आई, पस्तीस मिनिटं झालीत. मधोमध चीर गेलीय. उघडून बघू का?"

"दार उघडू नकोस. चीर जाऊ दे, ती जायचीच. अजून वीस मिनिटं थांब."

"आणि मग?"

"मग उद्यापर्यंत थांब."